एकाच खोऱ्यातील तीन समभाग : खाण व ऊर्जा कंपन्यांविषयी छोट्या गुंतवणूकदारांचा आशावाद आणि त्याचा हिशेब

वाराणसी : गंगेवरील राजघाटचा मालवीय पूल ओलांडला की काही किलोमीटरवर पंडित दीनदयाळ उपाध्याय नगर, म्हणजे पूर्वीचे मुगलसराय लागते. कोळशाने भरलेल्या मालगाड्यांची येथील रुळांवर सतत ये-जा असते. जवळच चंदासीची कोळसा मंडी आहे. उत्तर भारतातील वीटभट्ट्या आणि छोट्या कारखान्यांना लागणाऱ्या कोळशाचा मोठा व्यापार तेथे चालतो. वाराणसीहून शक्तिनगरकडे जाणारा रस्ता दक्षिणेला सुमारे दोनशे किलोमीटरवर सोनभद्र आणि सिंगरौलीच्या खाणपट्ट्यात पोचतो. देशाच्या वीजनिर्मितीचा एक मोठा आधार याच पट्ट्यात उभा आहे.

ज्या शहराच्या दारावरून रोज कोळसा जातो, तेथील शिक्षक, दुकानदार, निवृत्त रेल्वे कर्मचारी किंवा विणकर-व्यापारी यांना खाण व ऊर्जा कंपन्यांचे समभाग ओळखीचे वाटणे स्वाभाविक आहे. जमिनीखाली कोळसा आहे, विजेची मागणी वाढतच जाणार आहे आणि पाठीशी सरकार आहे, या तीन विधानांवर हा विश्वास उभा असतो. नागपूर, चंद्रपूर, वणी किंवा गडचिरोलीतील मराठी गुंतवणूकदारही हेच बोलताना आढळतो. तिन्ही विधाने बहुतांशी खरी आहेत. तरीही या क्षेत्रात कोणाची पुंजी अनेक पटींनी वाढली, तर कोणाची जवळजवळ पूर्ण बुडाली. सिंगरौलीच्या खोऱ्याशी थेट नाते असलेल्या तीन भागविक्रींचा इतिहास पाहिल्यास हा फरक स्पष्ट होतो.

खोऱ्याची ओळख

सिंगरौली कोळसा क्षेत्र उत्तर प्रदेशातील सोनभद्र आणि मध्य प्रदेशातील सिंगरौली या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. सोनभद्र जिल्हा १९८९ मध्ये मिर्झापूरमधून वेगळा झाला, तर सिंगरौली जिल्हा २००८ मध्ये सीधीमधून. रिहंद नदीवरील धरणाचे काम १९५४ मध्ये सुरू झाले. त्यातून तयार झालेल्या गोविंद वल्लभ पंत सागर जलाशयामुळे औष्णिक वीज केंद्रांना लागणारे पाणी जवळच उपलब्ध झाले. कोळसा आणि पाणी एकाच ठिकाणी मिळत असल्याने वीज केंद्रांची रांगच येथे उभी राहिली.

राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळाची, म्हणजे एनटीपीसीची स्थापना १९७५ मध्ये झाली. तिचे पहिले केंद्र शक्तिनगर येथे उभारले गेले आणि त्याचा पहिला संच १९८२ मध्ये कार्यान्वित झाला. आज सिंगरौलीची २,००० मेगावॉट, रिहंदची ३,००० मेगावॉट आणि मध्य प्रदेशाच्या हद्दीतील विंध्याचलची ४,७६० मेगावॉट अशी एनटीपीसीची तीन मोठी केंद्रे या परिसरात आहेत. अनपरा येथे उत्तर प्रदेश शासनाच्या कंपनीचे केंद्र आहे. या सर्वांना कोळसा पुरवणारी नॉर्दर्न कोलफिल्ड्स ही कोल इंडियाची उपकंपनी १९८५ मध्ये स्थापन झाली. तिचे वार्षिक उत्पादन २०१८-१९ मध्ये प्रथमच १० कोटी टनांच्या पुढे गेले.

या भूमीत २००४, २००८ आणि २०१० या तीन वर्षांत तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या रूपाने छोट्या गुंतवणूकदारांचा पैसा आला.

पहिला समभाग : एनटीपीसी, २००४

एनटीपीसीने ऑक्टोबर २००४ मध्ये प्राथमिक भागविक्री केली. भागाची किंमत ६२ रुपये ठरली आणि सुमारे ५,३६८ कोटी रुपये उभे राहिले. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात समभागाची नोंदणी झाली, तेव्हा पहिल्याच दिवशी भाव ७० रुपयांच्या पुढे गेला.

या कंपनीचे उत्पन्न ठरण्याची पद्धत वेगळी आहे. तिच्या विजेचा दर केंद्रीय वीज नियामक आयोग ठरवतो. इंधनाचा खर्च, कर्जाचे व्याज, घसारा आणि भांडवलावरील निश्चित परतावा यांची बेरीज करून हा दर निघतो. भांडवलावरील परताव्याचा दर २००४ ते २००९ या काळात १४ टक्के होता, पुढे तो १५.५ टक्के झाला. कोळसा महागला तर तो खर्च दरात समाविष्ट होतो. त्यामुळे फार मोठ्या नफ्याची शक्यता कमी असते, तसेच फार मोठ्या तोट्याचीही.

समभागाची वाटचाल याच स्वभावाला धरून झाली. २०१५ मध्ये भागधारकांना प्रत्येक भागामागे साडेबारा रुपयांचे बोनस कर्जरोखे मिळाले आणि २०१९ मध्ये पाच भागांमागे एक बोनस भाग मिळाला. लाभांश नियमित येत राहिला. तरीही २०२० मधील टाळेबंदीच्या काळात भाव १०० रुपयांच्या खाली होता. म्हणजे १५ वर्षे थांबलेल्या गुंतवणूकदाराला किमतीतील वाढ अगदीच माफक दिसत होती. पुढे वीजटंचाई आणि वाढत्या मागणीमुळे चित्र पालटले आणि २०२४ मध्ये भावाने ४०० रुपयांचा टप्पा ओलांडला. संयम ठेवणाऱ्याला फळ मिळाले, पण त्यासाठी दोन दशके लागली.

दुसरा समभाग : रिलायन्स पॉवर, २००८

सासन येथील ३,९६० मेगावॉटचा अतिविशाल वीज प्रकल्प २००७ मध्ये रिलायन्स पॉवरला मिळाला. कंपनीने प्रतियुनिट सरासरी १ रुपया १९.६ पैसे इतक्या कमी दराची बोली लावली होती. प्रकल्पासोबत कोळशाच्या खाणीही मिळणार होत्या. जानेवारी २००८ मध्ये कंपनी भागविक्रीसाठी बाजारात आली, तेव्हा तिच्या योजनेत १३ प्रकल्प आणि २८,२०० मेगावॉट क्षमता होती. ही सारी क्षमता कागदावर होती. प्रत्यक्ष वीजनिर्मितीला सुरुवात व्हायची होती.

बाजार त्या वेळी तेजीच्या शिखरावर होता. ८ जानेवारी २००८ रोजी सेन्सेक्सने २१,००० अंशांची पातळी ओलांडली होती. १५ जानेवारीला विक्री खुली झाली आणि पहिल्या काही क्षणांतच सर्व भागांना मागणी आली. ४०५ ते ४५० रुपये असा किंमतपट्टा होता. किरकोळ गुंतवणूकदारांना २० रुपयांची सवलत होती. सुमारे ११,५०० कोटी रुपयांच्या या विक्रीला ७० पटींहून अधिक प्रतिसाद मिळाला आणि सुमारे ५० लाख अर्ज आले. अनेकांनी आयुष्यातील पहिले डिमॅट खाते याच समभागासाठी उघडले.

विक्री १८ जानेवारीला बंद झाली. त्यानंतरच्या सोमवारी, २१ जानेवारीला, सेन्सेक्स एका दिवसात १,४०० अंशांहून अधिक घसरला. ११ फेब्रुवारीला समभागाची नोंदणी झाली, तेव्हा भाव थोडा वेळ ५०० रुपयांच्या वर गेला आणि दिवसअखेर ३७२ रुपयांच्या आसपास स्थिरावला. बाजारात तुरी नसतानाच घरात त्यांचा हिशेब मांडला गेला होता, याची जाणीव लाखो कुटुंबांना एका दिवसात झाली. गुंतवणूकदारांची नाराजी पाहून कंपनीने त्याच महिन्यात प्रवर्तक वगळता इतर भागधारकांना पाच भागांमागे तीन बोनस भाग जाहीर केले. किरकोळ गुंतवणूकदाराची ४३० रुपयांची खरेदी त्यामुळे प्रतिभाग २६८ रुपये ७५ पैशांवर आली.

पुढील वर्षांत सासनचा प्रकल्प उभा राहिला. २०१३ मध्ये पहिला संच सुरू झाला आणि २०१५ पर्यंत सर्व सहा संच कार्यान्वित झाले. परंतु योजनेतील इतर मोठे प्रकल्प रखडले. आयात कोळशाच्या दरातील बदलांमुळे आंध्र प्रदेशातील कृष्णपट्टणमचा प्रकल्प अडकला. जमीन वेळेत न मिळाल्याने झारखंडमधील तिलैयाचा करार कंपनीने २०१५ मध्ये संपुष्टात आणला. मार्च २०२० मध्ये समभागाचा भाव दोन रुपयांच्याही खाली गेला. त्यानंतर तो सावरला, तरी मूळ खरेदी किमतीच्या जवळ पोचला नाही.

सासनचे केंद्र आजही वीज देते. त्याचा कोळसा खरा आहे, त्याची वीज खरी आहे. ग्राहकाला स्वस्त वीज मिळाली, पण २००८ च्या भागधारकाला त्याच्या पैशाचे मोल मिळाले नाही. प्रकल्प चांगला असणे आणि त्याचा समभाग दिलेल्या किमतीला चांगला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्पष्ट करणारे उदाहरण विरळाच.

तिसरा समभाग : कोल इंडिया, २०१०

भारतातील कोकिंग कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७२ मध्ये आणि उर्वरित खाणींचे १९७३ मध्ये झाले. १ नोव्हेंबर १९७५ रोजी कोल इंडिया अस्तित्वात आली. सिंगरौलीची नॉर्दर्न कोलफिल्ड्स आणि नागपूर येथे मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स या तिच्या उपकंपन्यांपैकी दोन.

ऑक्टोबर २०१० मध्ये केंद्र सरकारने कंपनीतील १० टक्के हिस्सा विकला. २२५ ते २४५ रुपये असा किंमतपट्टा होता. भाग २४५ रुपयांना गेला; किरकोळ गुंतवणूकदारांना पाच टक्के सवलतीने तो २३२ रुपये ७५ पैशांना मिळाला. सुमारे १५,२०० कोटी रुपयांची ही विक्री तोपर्यंतची देशातील सर्वांत मोठी प्राथमिक भागविक्री ठरली. एकूण प्रतिसाद १५ पटींहून अधिक होता. मात्र संस्थात्मक गुंतवणूकदारांचा हिस्सा २४ पटींच्या वर गेला असताना किरकोळ हिस्सा दोन पटींपेक्षा थोडाच जास्त भरला. रिलायन्स पॉवर आणि त्यानंतरच्या एनएचपीसीच्या अनुभवाने हात पोळलेले अनेक जण या वेळी दूर राहिले असावेत.

४ नोव्हेंबर २०१० रोजी नोंदणीच्या दिवशी भाव सुमारे ४० टक्क्यांनी वाढून ३४२ रुपयांवर बंद झाला. ऑगस्ट २०११ मध्ये कोल इंडिया काही काळ देशातील सर्वाधिक बाजारमूल्याची कंपनी ठरली. छोट्या गुंतवणूकदाराच्या आशावादाला याहून मोठे समर्थन दुसरे कोणते हवे होते?

पण पुढील दहा वर्षे वेगळी गेली. सरकारने जानेवारी २०१५ मध्ये आणखी १० टक्के हिस्सा ३५८ रुपयांच्या किमान भावाने विकायला काढला. ऑक्टोबर २०१८ मध्ये हा किमान भाव २६६ रुपये होता आणि जून २०२३ मध्ये २२५ रुपये. म्हणजे मूळ विक्रीनंतर तब्बल साडेबारा वर्षांनी सरकारने हाच समभाग मूळ किमतीपेक्षा कमी दराने देऊ केला. २०२० च्या उत्तरार्धात तर बाजारभाव ११० रुपयांच्या आसपास होता. या काळात कंपनीचे उत्पादन मात्र वाढतच होते : २००९-१० मधील सुमारे ४३ कोटी टनांवरून ते २०२३-२४ मध्ये ७७ कोटी टनांच्या पुढे गेले. उत्पादन वाढले म्हणजे भाव वाढतोच, ही समजूत येथे खोटी ठरली.

या समभागाची दुसरी बाजू लाभांशाची आहे. जानेवारी २०१४ मध्ये कंपनीने एका भागावर २९ रुपयांचा अंतरिम लाभांश दिला. सर्वांत मोठा भागधारक असलेल्या सरकारला महसुलाची गरज असते, त्यामुळे लाभांश उदारपणे वाटला जातो. २०१० मध्ये भाग घेऊन तो मार्च २०२४ पर्यंत जपलेल्या गुंतवणूकदाराला मिळालेल्या लाभांशाची बेरीज त्याच्या मूळ खरेदी किमतीच्या घरात पोचते. २०२४ मध्ये भावानेही ५०० रुपयांची पातळी ओलांडली. ज्याने केवळ भाव पाहिला, तो २०२० मध्ये निराश होऊन बाहेर पडला. ज्याने लाभांश मोजला, त्याचे चित्र निराळे होते.

बहुमताचा मालक कोण ?

सरकारी खाण कंपनीत छोट्या भागधारकाचा भागीदार खुद्द सरकार असते. सरकारचे हित मात्र केवळ नफ्यात नसते. वीज स्वस्त राहावी, केंद्रांना कोळसा अखंड मिळावा, रोजगार टिकावा, हीही त्याची जबाबदारी आहे. २०१२ मध्ये राष्ट्रपतींच्या नावाने निर्देश काढून कोल इंडियाला वीज कंपन्यांशी पुरवठा करार करण्यास सांगण्यात आले. त्याच वर्षी द चिल्ड्रेन्स इन्व्हेस्टमेंट फंड या ब्रिटनमधील गुंतवणूक निधीने, कोळसा बाजारभावापेक्षा स्वस्त विकल्याने अल्पसंख्य भागधारकांचे नुकसान होते असा आक्षेप घेत न्यायालयात धाव घेतली. सुमारे एक टक्का हिस्सा असलेला हा निधी २०१४ मध्ये कंपनीतून बाहेर पडला.

वाराणसीतील भागधारकासाठी हा पेच घरचाच आहे. तो विजेचा ग्राहक आहे आणि कोळसा कंपनीचा अंशमात्र मालकही. कोळसा महागला तर त्याचा लाभांश वाढेल, पण वीजबिलही वाढेल. सरकार दोन्हींत तोल साधते आणि त्या तोलाचा काटा समभागाच्या किमतीत दिसतो.

साखळीचा शेवटचा दुवाही याच शहरात आहे. पूर्व उत्तर प्रदेशाला वीज पुरवणाऱ्या पूर्वांचल विद्युत वितरण निगमचे मुख्यालय वाराणसीत आहे. खाणीतून कोळसा, केंद्रातून वीज आणि वितरण कंपनीकडून ग्राहक अशी ही साखळी आहे. पैसा मात्र उलट दिशेने वाहतो. ग्राहकाने बिल भरले नाही किंवा वितरणात गळती झाली, तर निर्मिती कंपनीची थकबाकी वाढते आणि कोळसा कंपनीची वसुली लांबते. वितरण कंपन्यांची कर्जे हलकी करण्यासाठी केंद्राने नोव्हेंबर २०१५ मध्ये उदय योजना आणली, ती याच कारणाने. म्हणूनच ऊर्जा कंपनीच्या ताळेबंदात विक्रीच्या आकड्याइतकेच येणे बाकीच्या आकड्याला महत्त्व असते.

आशा जुनी, खाणी नव्या

खाणींच्या समभागांविषयीची ओढ आजची नाही. १८८० च्या सुमारास वायनाडमधील सोन्याच्या आशेवर लंडनमध्ये अनेक कंपन्या निघाल्या आणि थोड्याच काळात बुडाल्या. विसाव्या शतकाच्या प्रारंभी, १९०४ ते १९०८ या काळात, कोलकात्यात कोळशाच्या समभागांची मोठी तेजी आली; तेथील शेअर बाजाराची संघटित स्थापना १९०८ मधील. ऑस्ट्रेलियात १९६९-७० मध्ये निकेलच्या शोधानंतर पोसायडन कंपनीचा भाग एका डॉलरच्या आतून २८० डॉलरपर्यंत गेला आणि कोसळला. कॅनडातील ब्रे-एक्स कंपनीने इंडोनेशियात सोन्याचा प्रचंड साठा असल्याचे सांगितले. १९९७ मध्ये नमुन्यांत बाहेरून सोने मिसळल्याचे उघड झाले. त्यानंतर कॅनडाने खनिज साठे जाहीर करण्याचे कठोर नियम केले.

साठ्याचा आकडा वाचताना दोन शब्दांतील फरक ध्यानात ठेवावा लागतो. भूगर्भात असलेले एकूण खनिज वेगळे आणि त्यातून तांत्रिक व आर्थिकदृष्ट्या काढता येण्याजोगा भाग वेगळा. कोल इंडियाच्या २०१० मधील माहितीपत्रकात एकूण संसाधने ६,४०० कोटी टनांहून अधिक होती, तर काढता येण्याजोगा साठा सुमारे २,१७५ कोटी टन. जाहिरातीत मोठा आकडा डोळ्यांत भरतो. उत्पन्न मात्र लहान आकड्यातूनच येते.

कायद्याची जोखीम हा आणखी एक घटक. गोव्यात बेकायदा खाणकामाचे आरोप झाल्यानंतर २०१२ मध्ये लोहखनिजाचे उत्खनन थांबले. ते काही अटींवर पुन्हा सुरू झाले, परंतु ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्च २०१८ मध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या. देशपातळीवर २४ सप्टेंबर २०१४ रोजी न्यायालयाने २१८ पैकी २१४ कोळसा खाणपट्ट्यांचे वाटप रद्द ठरवले. त्या खाणींवर विसंबून उभारलेल्या वीज व पोलाद प्रकल्पांच्या भागधारकांचा यात काही दोष नव्हता, तरी नुकसान त्यांच्याही वाट्याला आले. सिंगरौलीचा परिसर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषित ठरवल्यामुळे जानेवारी २०१० मध्ये तेथील नव्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीला स्थगिती मिळाली होती. धरण, खाणी आणि केंद्रांसाठी या खोऱ्यातील अनेक कुटुंबे एकाहून अधिक वेळा विस्थापित झाली आहेत. हा खर्च भावफलकावर दिसत नाही. दावे, भरपाई आणि रखडलेल्या मंजुऱ्यांच्या रूपाने तो पुढे ताळेबंदात उतरतो.

हरित ऊर्जेची नवी लाट

अलीकडे हाच आशावाद सौर व पवन ऊर्जेकडे वळला आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉनची कथा मराठी गुंतवणूकदारांना परिचित आहे. २००५ मध्ये ५१० रुपयांना विकलेल्या भागाचे २००८ मध्ये पाच भाग झाले आणि त्या वेळी प्रत्येकाचा भाव ४०० रुपयांच्या पुढे होता. परदेशातील मोठी खरेदी, त्यासाठीचे कर्ज आणि जागतिक मंदी यांमुळे २०१२ मध्ये कंपनी परकीय चलनातील रोख्यांची परतफेड करू शकली नाही. २०२० मध्ये भाव दोन-तीन रुपयांच्या पातळीवर होता. कर्जफेडीनंतर तो सावरला आणि २०२४ मध्ये ८० रुपयांच्या पुढे गेला. वारा कधीच थांबला नव्हता. कंपनीला खाली ओढले ते कर्जाने.

भारतीय अक्षय ऊर्जा विकास संस्था, म्हणजे इरेडा, या सरकारी वित्तसंस्थेचा भाग नोव्हेंबर २०२३ मध्ये ३२ रुपयांना विकला गेला आणि ५० रुपयांवर नोंदला गेला. जुलै २०२४ मध्ये तो ३१० रुपयांपर्यंत चढला. मार्च २०२५ पर्यंत तो निम्म्याहून खाली आला होता. मूळ अर्जदार तरीही मोठ्या नफ्यात होता. शिखरावर घेणाऱ्याचे निम्म्याहून अधिक पैसे गेले. एनटीपीसी ग्रीन एनर्जीचा भाग नोव्हेंबर २०२४ मध्ये १०८ रुपयांना आला आणि काही महिन्यांतच त्या किमतीखाली गेला. २००९ मध्ये ३६ रुपयांना विकलेल्या एनएचपीसीच्या भागधारकाला तर मूळ किंमत पुन्हा दिसण्यासाठी एका दशकाहून अधिक काळ थांबावे लागले.

बदललेली व्यवस्था, न बदललेला स्वभाव

गेल्या दोन दशकांत छोट्या गुंतवणूकदाराचे संरक्षण निश्चितच वाढले आहे. २००८ मध्ये अर्जासोबत धनादेश द्यावा लागे आणि भाग न मिळाल्यास परताव्याची वाट पाहावी लागे. त्याच वर्षी सुरू झालेल्या आस्बा पद्धतीत रक्कम अर्जदाराच्याच खात्यात राखून ठेवली जाते. २०१६ पासून ही पद्धत सर्वांना बंधनकारक झाली. २०१० च्या अखेरीस किरकोळ अर्जाची मर्यादा एक लाखावरून दोन लाख रुपये झाली. डिसेंबर २०२३ पासून विक्री बंद झाल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत नोंदणी होते. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे ४ कोटी डिमॅट खाती होती; मार्च २०२४ मध्ये ती १५ कोटींच्या पुढे गेली. नोंदणीकृत गुंतवणूकदारांच्या संख्येत महाराष्ट्रापाठोपाठ उत्तर प्रदेशाचा क्रमांक लागू लागला आहे.

स्वभाव मात्र तोच आहे. एप्रिल २०२१ ते डिसेंबर २०२३ या काळातील १४४ प्राथमिक भागविक्रींचा अभ्यास सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. वैयक्तिक गुंतवणूकदारांनी मिळालेल्या भागांपैकी मूल्याने निम्मे भाग एका आठवड्यातच विकल्याचे त्यात आढळले. पहिल्या आठवड्यात २० टक्क्यांहून अधिक नफा झाला, तेथे त्यांनी दोनतृतीयांश भाग विकले. तोटा झाला, तेथे चौथ्या हिश्श्याहूनही कमी. नफ्याचा भाग झटपट विकायचा आणि तोट्याचा उराशी धरून बसायचे, असा हा कल आहे. सिंगरौलीच्या तीन समभागांना तो लावून पाहिला तर एनटीपीसी आणि कोल इंडिया लवकर हातातून सुटतात व रिलायन्स पॉवर वर्षानुवर्षे खात्यात पडून राहतो.

कोणते प्रश्न विचारावेत ?

या इतिहासातून काही साधे प्रश्न हाती येतात. त्यांची उत्तरे माहितीपत्रकात आणि वार्षिक अहवालात सापडतात.

पहिला प्रश्न : कंपनी आज उत्पादन करते आहे की उद्या करण्याचे आश्वासन देते आहे? आश्वासनाची किंमत मोजताना जमीन, मंजुरी आणि इंधन या तिन्हींचा विलंब गृहीत धरावा.

दुसरा : तिच्या मालाचा दर कोण ठरवतो? नियामक आयोग ठरवत असेल तर उत्पन्न स्थिर पण मर्यादित राहते. बोलीने ठरला असेल तर खर्चवाढीचा भार कंपनीवर येऊ शकतो. जागतिक बाजार ठरवत असेल तर चढउतार मोठे असतात.

तिसरा : सध्याचा नफा चक्राच्या कोणत्या टप्प्यावरचा आहे? युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये जगभर कोळसा महागला आणि कंपन्यांचे नफे फुगले. खाण कंपनीचा भाग नफ्याच्या तुलनेत सर्वांत स्वस्त दिसतो, तो बहुधा अशा शिखरावर. तो स्वस्तपणा फसवा असू शकतो.

चौथा : कर्ज किती आणि येणे बाकी किती? पाचवा : खाणपट्ट्याची मुदत किती वर्षे उरली आहे आणि त्यावर कोणता दावा चालू आहे? सहावा : बहुमताचा मालक पुढे आणखी भाग विकणार आहे का?

शेवटचा प्रश्न गुंतवणूकदाराने स्वतःला विचारायचा असतो. हा पैसा दहा वर्षे लागणार नाही, अशी खात्री आहे का? मुलीच्या शिक्षणाचा किंवा आजारपणासाठी राखलेला पैसा या क्षेत्रात घातला, तर भाव तळाशी असतानाच तो काढण्याची वेळ येऊ शकते. कोणाच्याही खात्रीशीर नफ्याच्या आश्वासनावर विसंबू नये, असे सेबी वारंवार बजावत आली आहे.

देशाचे वार्षिक कोळसा उत्पादन २०२४-२५ मध्ये १०० कोटी टनांच्या पुढे गेले. विजेची मागणीही वाढते आहे. त्यामुळे मालवीय पुलापलीकडून जाणाऱ्या कोळशाच्या गाड्या अजून बरीच वर्षे धावतील, हे निश्चित मानता येईल. परंतु एनटीपीसी, रिलायन्स पॉवर आणि कोल इंडिया या तिघांचे प्रकल्प एकाच खोऱ्यात, एकाच कोळशावर उभे राहिले आणि तिघांच्या भागधारकांना तीन वेगळी फळे मिळाली. छोट्या गुंतवणूकदाराने वाघिणीतील कोळसा जरूर पाहावा. त्याआधी आपण त्या कोळशासाठी किती दाम मोजतो आहोत, हे पाहावे.